एमएम ५४० ला ३१ इंची टायर घालायचेत, क्राउन-पिनियन पण बदलावं का?

धामणीकाठ

नमस्कार मंडळी. गाव आमचं धामणी खोऱ्यात. गगनबावडा रोडनं कळ्यापर्यंत यायचं आणि तिथून आत वळायचं. गेल्या दिवाळीत सेकंडहँड महिंद्रा एमएम ५४० घेतली. पासिंग एमएच-०९, इंजिन जुनं प्युजो डिझेल, चार गियर, मागं-पुढं पाटे, चारी चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंग नाही. इंजिन खणखणीत आहे. थंडीत सकाळी हीटर दिला की पहिल्या सेल्फला उठतं.

जीप कशाला लागते ते आधी सांगतो, म्हणजे सल्ला देणाऱ्याला सोपं जाईल. आमचं काजूचं आणि नाचणीचं रान वरच्या अंगाला आहे. वाट जांभ्याची, चढाची, मध्ये ओहोळ आडवा. जूनपासून दसऱ्यापर्यंत ट्रॅक्टर सोडला तर तिथं काही जात नाही. खताची पोती, रोपं, फवारणीचं पाणी असं सगळं वर न्यायचं असतं. बाकी वेळी कोल्हापूरला मार्केट यार्डात फेरी असते, आणि करूळ घाट उतरून वैभववाडीला बहिणीकडं जाणं.

आत्ताचे ६.००-१६ चे टायर गुळगुळीत झालेत. बदलायचेच आहेत तर ३१×१०.५ आर१५ घालावेत असं मनात आहे. उंची मिळेल, पकड मिळेल आणि जीप उठून दिसेल हेही आहेच. एक मित्र म्हणतो, एवढा मोठा टायर घातलास तर चढाला गाडी मरेल, आधी क्राउन-पिनियन (एक्सलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) बदल. दुसरा म्हणतो, काही गरज नाही, लो गियर आहे की. साठ-सत्तर हजार बाजूला ठेवलेत. त्यात टायर बसतात की टायर आणि गियर दोन्ही, तेही कळत नाही.

आणखी एक. फोर व्हील लावली की नंतर लिव्हर मागं येत नाही. थोडं रिव्हर्स घेऊन हिसका द्यावा लागतो. ज्यानं गाडी तपासली तो म्हणाला, जुन्या जीपला असंच असतं. त्यामुळं ते एक असू दे, टायरचं सांगा.

शाहूपुरी थार

भावा, बिनधास्त घाल. माझी २०२० नंतरची थार आहे, तिला कंपनीकडूनच २५५/६५ आर१८ येतो. हिशोब केलास तर तो ३१ इंचच भरतो. चिखलात, दगडात कुठंच अडत नाही. मोठा टायर घातल्यावर जीपचा रुबाबच वेगळा. घातलास की पहिल्या पावसात मसाई पठारावर घेऊन ये, आपण सगळे जमू.

उद्यमनगरचा फिटर

शिवाजी उद्यमनगरात वडिलांच्या हाताखाली शिकलो, आजही डिफरन्शियलचीच कामं करतो. जीप, ट्रेलर, टेम्पो, जे येईल ते. तुझं पत्र वाचलं आणि टायरच्या आधी शेवटच्या चार ओळींवरच थांबलो.

थारवाल्या दादांचं त्यांच्या गाडीपुरतं बरोबर आहे. पण त्या गाडीला ३१ इंची टायर धरूनच इंजिन, गियर आणि ब्रेक सगळं आखलेलं आहे. आपली जीप ६.००-१६ धरून आखलेली आहे. टायर वाढवला की फक्त उंची वाढत नाही. इंजिनाला दर फेऱ्यात जास्त अंतर ओढावं लागतं, ब्रेकला जास्त मोठं चाक थांबवावं लागतं, आणि पॉवर स्टिअरिंग नसेल तर ते तुझ्या खांद्यावर येतं.

गियरचा हिशोब सोपा आहे. जुन्या टायरची उंची मोज, नव्याची बघ. नव्याला जुन्यानं भाग, आणि जे येईल त्यानं आत्ताच्या रेशोला, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला पिनियन किती फिरतो त्या आकड्याला, गुण. म्हणजे पूर्वीइतकीच ओढ ठेवायला कोणता रेशो लागतो ते कळतं. ६.००-१६ झिजलेला असला तरी साडेअठ्ठावीस इंचांच्या आसपास भरतो. ३१ भागिले २८.५ म्हणजे जवळजवळ १.०९. तुझा रेशो ४.८८ असेल तर ५.३० च्या जवळपास पाहिजे, आणि आपल्या जीपांना मिळणारा पुढचा रेशो ५.३८ आहे. हे दोन्ही आकडे विलीजच्या, म्हणजे मूळ अमेरिकन जीपच्या, काळापासून चालत आलेत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजला ४.८८ होता, नंतरच्या सीजे-३बी ला ५.३८ आला, आणि महिंद्रानं तीच सीजे-३बी इथं वर्षानुवर्षं बनवली. ४.८८ म्हणजे क्राउनला ३९ दात, पिनियनला ८. ५.३८ म्हणजे ४३ आणि ८.

लो गियर आहे म्हणून गियर बदलायची गरज नाही, हे म्हणणं अर्धंच खरं. लो मध्ये ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलला ओढ वाटून देणारी गियरची पेटी, आणखी अडीचपट ओढ देतो, त्यामुळं रानात भागेल. पण करूळ घाट तू लो मध्ये चढणार नाहीस. तिथं तिसऱ्या गियरवर चढणारी गाडी दुसऱ्यावर येईल, आणि दुसऱ्यावर रेस देत राहिलास की जुन्या रेडिएटरचं पाणी उकळायला लागेल.

आता लिव्हरचं. डांबरी रस्त्यावर किंवा कोरड्या कडक जमिनीवर फोर व्हील लावलीस तर कुठल्याही जीपचा लिव्हर अडकतो, कारण पुढच्या-मागच्या प्रोपेलर शाफ्टच्या (एक्सलकडं ओढ नेणाऱ्या लांब दांड्यांच्या) मध्ये फरक सांभाळणारं काही नसतं. वळणावर ताण साठतो आणि गियर दाबून धरले जातात. पण चिखलात, जिथं चाकाला घसरायला मोकळीक आहे, तिथंही अडकत असेल तर जुनी गाडी आहे म्हणून सोडून देऊ नको. मला शंका येते की तुझ्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या हाउसिंगचा, म्हणजे क्राउन-पिनियन बसतात त्या पेटीचा, रेशो एक नाही. लोक काय करतात, रोडवर गाडी पळावी म्हणून मागचं हाउसिंग दुसऱ्या जीपचं टाकतात. पुढचं तसंच राहतं, कारण ते फोर व्हील कधी लावतच नाहीत. मग ती गाडी विकली जाते आणि घेणारा शेतात नेतो.

उघडायच्या आधी घरीच तपासता येतं. जीप सपाट जागी लाव. आपल्या जुन्या जीपांचा हँडब्रेक बऱ्याचदा प्रोपेलर शाफ्टवरच असतो, म्हणून तो सोडावा लागेल. त्याऐवजी चाकांना पुढून-मागून ठोकळे लाव, चांगले जाड. गियर न्यूट्रल, लिव्हर टू व्हील. मागचं एकच चाक जॅकवर उचल, खाली स्टँड दे, दुसरं जमिनीवर राहू दे. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूनं खूण कर. आता उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेरे फिरव आणि शाफ्ट किती फिरला ते मोज. एक चाक जमिनीवर धरलेलं असलं की दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांना क्राउनचा एक फेरा होतो, म्हणून दोन. शाफ्ट पाचला जरा कमी फिरला तर ४.८८. सव्वापाचच्या थोडं पुढं गेला तर ५.३८. मग पुढच्या चाकाला तेच कर. पुढं लॉकिंग हब (चाक एक्सलला जोडणारी-सोडणारी कळ) असतील तर आधी लॉक करून घे, नाहीतर शाफ्ट फिरणारच नाही.

हे करून सांग. तोपर्यंत टायरचे पैसे कुणाला देऊ नको.

धामणीकाठ

काका, आज सकाळी भावाला घेऊन केलं. तुम्ही सांगितलं तसंच. मागं शाफ्ट पाच फेऱ्यांना बोटभर कमी पडतोय. पुढं मात्र सव्वापाच ओलांडून जातोय. दोन्ही बाजूंनी परत परत बघितलं, तेच येतंय.

आणि हो, चिखलातही लिव्हर अडकतो. मागच्या पावसात ओहोळाच्या पलीकडं अडकला होता, तिथं तर नुसता गाळ होता. फोर व्हील लावली की गाडी ओढायच्या ऐवजी जड होते असं मला नेहमी वाटायचं. मी समजत होतो इंजिनात दम नाही.

मागचं झाकण खोलून क्राउनच्या कडेवर बघितलं तर ३९-८ असा ठप्पा दिसला. पुढचं अजून खोललेलं नाही.

उद्यमनगरचा फिटर

मग झालं. तुझं इंजिन चांगलं आहे, त्याला नावं ठेवू नको.

फोर व्हील लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. मागं ४.८८, पुढं ५.३८. म्हणजे मागची चाकं दहा फेरे घालतात तेव्हा पुढची कशीबशी नऊ घालतात. पुढची चाकं ओढत नाहीत, फरफटत येतात. दोन बैलांच्या जोडीत एक मागं ओढत असेल तर नांगर कसा चालेल, तसं आहे हे. जो ताण साठतो तो ट्रान्सफर केसच्या गियरवर, युनिव्हर्सल जॉइंटवर आणि पुढच्या एक्सलच्या शाफ्टवर येतो. गाळात टायर घसरून थोडा ताण सुटतो, म्हणून आजवर निभावलं. कोरड्या खडकावर असं चालवलंस तर काहीतरी तुटणार, आणि ते तुटतं तेव्हा चढावरच तुटतं. दुरुस्त होईपर्यंत फोर व्हील लावूच नको, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता यातली चांगली गोष्ट. पुढं आधीच ५.३८ आहे. मोठ्या टायरला लागतो तोच रेशो. म्हणजे दोन हाउसिंगचं काम करायचं होतं ते एकावर आलं. मागं ४३-८ चा सेट बसवला की पुढचं-मागचं जुळलं, आणि मोठ्या टायरची सोयही झाली. उलट जाऊन पुढं ४.८८ बसवणं मला पटत नाही. तुझं काम चढाचं आणि ओझ्याचं आहे.

आकड्यात सांगतो. चौथ्या गियरला, ताशी ६० किलोमीटरला, आत्ता मागच्या ४.८८ वर आणि साडेअठ्ठावीस इंची टायरवर तुझं इंजिन साधारण २१४० फेरे घेतं. नुसता ३१ चा टायर घातलास तर १९७० वर येईल, म्हणजे घाटात दम कमी पडेल. ५.३८ आणि ३१ ला २१७० होतात. जवळजवळ आत्ताइतकेच. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून निघते, त्यामुळं आत्ता काटा बरोबर दाखवत असेल तर तोही बरोबरच राहील. नुसता टायर वाढवला असतास तर खऱ्या ६० ला काटा ५५ दाखवला असता.

सेटबद्दल. क्राउन आणि पिनियन हे जोडीनंच घासून तयार केलेले असतात, दोघांवर एकच जोडी नंबर कोरलेला असतो. भंगारवाल्याकडून घेशील तर तो नंबर दोन्हीवर एकच आहे ना बघ. एकाचा क्राउन दुसऱ्याच्या पिनियनला लावून कुणी देत असेल तर फुकटही नको. दातांवर बारीक खड्डे पडलेत का, कडा निळ्या झाल्यात का तेही उजेडात धरून बघ. नवा मिळाला तर नवाच घे.

बसवणं हेच खरं काम आहे, आणि इथं घाई करणारा फिटर नको. पिनियनच्या डोक्यावर एक छोटा आकडा कोरलेला असतो, अधिक किंवा उणे. जुन्याचा आणि नव्याचा आकडा बघून पिनियनमागचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त करायचे. मग पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे ते किती आवळलंय ते. आमच्याकडं फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्यानं ओढतात, काटा किती वजनाला हलतो ते बघतात. सैल असेल तर पिनियन डोलतो, जास्त आवळला तर बेअरिंग जळतं. त्यानंतर क्राउन बसवून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजवर घ्यायचा, क्राउनच्या चारही बाजूंना. या जातीच्या हाउसिंगला साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर चांगला. एका बाजूला ०.१५ आणि समोर ०.३० येत असेल तर क्राउन वाकडा बसलाय, कुठंतरी कचरा किंवा धातूची बर राहिलीय. हातानं हलवून 'ठीक आहे' म्हणणारा असेल तर गाडी परत घेऊन ये.

शेवटी ठसा. वडील शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचे, आता निळं किंवा पिवळी पेस्ट मिळते. मी अजून शेंदूरच वापरतो, हाताला सवय आहे आणि डोळ्याला ठसा चटकन दिसतो. चार-पाच दातांना पातळ लावायचं, क्राउनला थोडा अडवून पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा. पिनियनचा दात जिथं टेकतो तिथून शेंदूर पुसला जातो आणि खालचं पोलाद चकाकतं. ती चकाकी दाताच्या मधोमध, लांबट, कडा न शिवणारी हवी. दाताच्या मुळाशी गेली तर पिनियन फार आत गेलाय, शिम काढ. शेंड्याला गेली तर पिनियन बाहेर राहिलाय, शिम घाल. आतल्या टोकाला सरकली तर क्राउन पिनियनच्या फार जवळ आहे. दर वेळी शिम बदलला की सगळं परत खोलायचं, परत बसवायचं, परत शेंदूर लावायचा. यात अख्खा दिवस जातो, कधी दुसऱ्या दिवशी दुपार होते. जो दोन तासात करून देतो म्हणेल त्यानं ठसा बघितलेला नसतो. तू समोर बसून ठसा बघ, फोटो काढून घे.

झाकण लावायच्या आधी आणखी एक. हाउसिंगच्या वर हवा आत-बाहेर जायला ब्रीदर असतो, बुचासारखा, तो बहुतेक चिखलानं बुजलेला असेल. तुला ओहोळ ओलांडायचा असतो. गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. मग तेल दुधासारखं होतं आणि नवा सेट एका पावसाळ्यात खराब होतो. ब्रीदर काढून तिथं रबरी नळी लाव आणि बॉडीच्या आत उंच नेऊन बांध. खर्च काही नाही. पुढच्यालाही तेच कर.

कागल टायर

फिटर काकांनी गियरचं पूर्ण सांगितलंय, मी टायरचं सांगतो, रोजचा धंदा आहे.

६.००-१६ ची रिम साडेचार इंच रुंद असते. ३१×१०.५ आर१५ ला १५ इंची आणि ७ ते ९ इंच रुंद रिम लागते. म्हणजे चार टायर, चार रिम, आणि स्टेपनी धरली तर पाच-पाच. तुमच्या साठ-सत्तर हजारात गियरचं काम धरून हे बसवणं अवघड आहे. बोल्टांचा घेर जीपला ५×१३९.७ आहे, जिप्सीलाही तोच, त्यामुळं रिम शोधताना अडचण नाही. पण घेर जुळला म्हणजे रिम चालते असं नाही. ऑफसेट बघावा लागतो. चाक जितकं बाहेर येईल तितका भार बेअरिंगवर आणि पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनवर वाढतो. आत राहिलं तर पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला घासतो.

मी तुमच्या जागी असतो तर ७.००-१६ घेतला असता. उंची साडेतीस इंचांच्या आसपास भरते, म्हणजे ३१ पेक्षा अर्धाच इंच कमी. अरुंद आहे, साइडवॉल जाड, ओझ्याला खंबीर, आणि पिकअप-टेम्पोला लागणारा माप असल्यामुळं कोल्हापुरात कुठंही मिळतो. त्याला साडेपाच इंची रिम योग्य, तुमच्या साडेचार इंचीवर जबरदस्तीनं चढवू नका. १६ च्या साडेपाच इंची रिम मिळायला त्रास नाही.

घेताना साइडवॉलवरचे चार आकडे बघा. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. स्वस्त मिळतोय म्हणून गोदामात वाळलेला घेऊ नका, रबर कडक झालं की चिखलात पकड राहत नाही.

ट्यूबचा टायर असेल तर हवा फार उतरवू नका. कमी हवेवर टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो.

आजरा जिप्सी

जीप नाही, जिप्सी आहे माझी, पण माती तीच. आजऱ्याकडं आणि धामणी खोऱ्यात वर लाल रेंदा असतो आणि हात-दीड हातावर जांभा लागतो. अरुंद टायर तो रेंदा कापून खाली जातो आणि जांभ्यावर टेकतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि चढावर गोल गोल फिरतो. शिरोळकडच्या काळ्या रानात गोष्ट वेगळी, तिथं खाली टेकायला काही नसतं, तिथं रुंद बरा. तुमच्या वाटेला ७.०० च.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या रचनेत आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. तुमची जीप पंधरा वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण आणि तपासणी. टायर मडगार्डच्या बाहेर आला असेल तर तिथं अडतं, आणि अपघात झाला तर विमावाला तेच कारण पुढं करतो. जुन्या रिम विकू नका, माळ्यावर ठेवा.

आणि शाहूपुरी थार, मसाई पठाराचं तेवढं मनातून काढा. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे. वर मातीचा थर बोटभर, खाली सगळा जांभा. पावसाळ्यात त्या बोटभर मातीतच सगळी फुलं येतात. एकदा चाकोरी पडली की पुढचं पाणी त्यातूनच वाहतं आणि ती माती खाली दरीत जाते, परत येत नाही. जमायचं असेल तर कुणाच्या तरी शेताच्या वाटेवर जमू, मालकाला विचारून. मी येतो, चहा माझ्याकडं.

शाहूपुरी थार

दादा, पठाराबद्दल एवढं माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत. पोस्टमध्ये लिहिलं ते कुणी मनावर घेऊ नका. धामणीकाठ, तुझ्या रानाची वाट बघायला आवडेल, चालेल का?

धामणीकाठ

चालेल की. पण जीप झाल्यावर, ऐन पावसात या, म्हणजे वाट कशी असते ते कळेल.

काका, असं ठरवलंय. मागं ४३-८ चा सेट, नवा मिळाला तर नवाच. टायर ७.००-१६, साडेपाच इंची रिमवर. ३१ चं मनातून काढलं, रुबाब राहू दे. ब्रीदरची नळी मी घरीच लावतो, फवारणी पंपाची जुनी नळी आहे, ती चालेल का? आणि नवीन सेट बसल्यावर लगेच पोती भरून वर न्यायची का? पेरणी तोंडावर आलीय.

एक शंका अजून. ७.००-१६ नं स्पीडोमीटर चुकेल का?

उद्यमनगरचा फिटर

स्पीडोमीटरची काळजी नको. ५.३८ आणि साडेतीस इंचाला ६० वर साधारण २२१० फेरे होतात. आत्तापेक्षा काटा किलोमीटर-दोन किलोमीटर जास्त दाखवेल, कमी नाही. ते बरंच आहे.

फवारणीची नळी नको. ती तेलाच्या वाफेनं फुगते आणि उन्हात तडकते. डिझेलची नळी घे, मीटर-दीड मीटर, दोन क्लिप. वरच्या टोकाला उलटा वाकवून जाळी बांध, नाहीतर कुंभारमाशी घर करते.

पोती लगेच नको. नवीन क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर बसायला वेळ लागतो. पहिल्यांदा वीस मिनिटं सपाट रस्त्यानं हळू चालव, थांब, हाउसिंगला हात लाव. कोमट ते गरम ठीक, हात ठेववत नसेल इतकं तापलं तर चालवू नको, मला दाखव. पूर्ण थंड होऊ दे, परत तसंच. सुरुवातीचे पाचशे किलोमीटर ओझं नको, ट्रॉली नको, घाट चढताना एका गियरवर रेटत राहू नको. मग तेल बदल. पहिल्या तेलात बारीक चकाकणारी पूड दिसेल, ती दात बसल्याची. नखाएवढा तुकडा दिसला तर गाडी तिथंच उभी कर. तेल जीएल-५ प्रतीचं, ९० नंबरचं, दोन्ही हाउसिंगला. गियरबॉक्समध्ये तेच ओतू नको, तिथं जीएल-४, आतल्या पितळी रिंगांना जीएल-५ सोसत नाही.

पेरणीच्या आधी पाचशे किलोमीटर व्हायला पाहिजेत, म्हणून काम लवकर काढ. मार्केट यार्डाच्या फेऱ्या आणि बहिणीकडं एकदा जाऊन येणं यात ते सहज होतील, पण करूळ घाट रिकाम्या गाडीनं.

आणि पुढचं झाकणही खोलून ठप्पा बघ. शाफ्टवरून ५.३८ दिसतोय, पण पुढं ४३-८ लिहिलेलं डोळ्यानं बघितल्याशिवाय मागचा सेट विकत घेऊ नको. झाकण खोललंस तर जुनं तेल एका स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढ, तळाशी काय बसतंय त्याचा फोटो टाक. पुढच्या बेअरिंगची अवस्था त्यावरून कळेल, कारण फरफटीचा मार इतके दिवस त्यांनीच खाल्लाय. बेअरिंग गेली असतील तर दोन्ही हाउसिंग एकदमच घेऊन ये, एकाच जागी बसून दोन्हीचा ठसा बघू.